मागांचा हिशोब राहिला, फाउंड्रीचा तरी आत्ताच मांडूया

बेळगावातल्या वडगाव भागात आमच्या गल्लीत सकाळी खडखडाट सुरू झाला की रात्री उशिरापर्यंत थांबायचा नाही. पाहुण्यांना झोप लागायची नाही, आम्हाला मात्र तो आवाज थांबला की जाग यायची. आप्पांचे चार यंत्रमाग होते. आई आणि आक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. सुरतेच्या स्वस्त साड्या आल्या, सुताचे दर चढले आणि लॉकडाउनमध्ये विणलेल्या साड्यांचे गठ्ठे घरातच पडून राहिले. पुढं दोन माग भंगारवाल्यानं किलोवर नेले. टेम्पो भरत होता तेव्हा आप्पा बाहेर आलेच नाहीत. तुटलेला धागा चिमटीतल्या एका पिळानं सांधणारे आप्पा आज एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन आहेत.

वडगाव, खासबाग, शहापुरातले असे किती विणकर कुठं गेले, कर्ज किती राहिलं, पोरं काय करतात? विचाराल त्याच्याकडं अंदाज आहे, घरटी माहिती नाही. याचाच मला राग येतो.

2002 साली नंजुंडप्पा समितीनं कर्नाटकातले 114 तालुके मागास ठरवले. प्रादेशिक असमतोल आकड्यांत दाखवला, हे मोठंच काम. पण तालुक्याच्या सरासरीत गल्ली दिसत नाही. एकाच बेळगाव तालुक्यात इकडं माग विकले जातात आणि तिकडं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्या चालतात. बेरीज ठीकच येणार.

जर्मनीच्या रूर भागाबद्दल मी गेले काही महिने वाचतोय. तिथं कोळशाला उतरती कळा लागली 1958 च्या सुमारास आणि शेवटची खाण बंद झाली 2018 मध्ये. साठ वर्षं! मधल्या काळात कोळसा जगवण्यावरही अमाप पैसा गेला, ते सगळंच शहाणपणाचं नव्हतं. पण ज्या भागात एकही विद्यापीठ नव्हतं तिथं 1965 ला बोखुमचं विद्यापीठ सुरू झालं. खाणकामगारांना एकदम रस्त्यावर न टाकता लवकर पेन्शन, दुसऱ्या खाणीत बदली, नवं प्रशिक्षण अशा वाटा काढल्या. असं काही जमवायचं तर कोण कुठल्या वयाचा आणि काय येतं त्याला, याची नोंद हवीच.

आपल्याकडं पुढची पाळी उद्यमबागेची आहे, असं मला मनापासून वाटतं. इथल्या फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आणि मशीनशॉप गाड्यांच्या इंजिनांचे भाग करतात. विजेवरच्या गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही, सिलिंडर ब्लॉक लागत नाही. हे आज ना उद्या येणार, आणि खानापूरकडून रोज पहाटे बस धरून येणाऱ्या, साचे करणाऱ्या मोल्डरला त्याबद्दल कुणी चकार शब्द सांगितलेला नाही. हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं), विमानांचे भाग अशी कामं जिल्ह्यात आहेत. त्यात त्याचा हात कितपत चालेल, काय नव्यानं शिकावं लागेल, तोवर घर कशावर चालेल, हे आत्ता अभ्यासायला हवं. जिल्ह्यात दोन सरकारी विद्यापीठं आहेत. अर्थशास्त्राच्या आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना एकत्र गल्ल्यांत पाठवा. प्रश्नावली मराठीत आणि कन्नडात, दोन्हींत हवी. सीमेचा वाद आपल्या जागी, पण एकाच भट्टीवर दोन्ही भाषांची माणसं घाम गाळतात.

मी येत्या रविवारी वही घेऊन आमच्याच गल्लीपासून सुरुवात करतोय. माग किती होते, आता किती आहेत, घरातलं कोण कुठं कामाला जातं, एवढंच विचारायचं. सकाळी नऊला मारुतीच्या देवळापाशी या. कन्नड लिहिता येणारं कुणीतरी सोबत हवंच आहे.