दोर कुणाच्या हातात

"महिन्याला १,५०० रुपये खात्यात पडतातच, मग त्या बायकांना धान लावायचं प्रशिक्षण कशाला?" ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. तेव्हापासून 'आता तिथं पुढं काय' या चर्चेत हे वाक्य मला सारखं ऐकू येतं. त्याच्या मागून येणारी वाक्यंही ठरलेली असतात: त्या पिढ्यान्‌पिढ्या धान करतायत, त्यांना काय शिकवणार, प्रशिक्षण म्हणजे फोटो, चहा आणि प्रमाणपत्र. इथे उत्तर युगांडातल्या गुलूत बसून हे ऐकताना चीड येते, कारण तक्रार बरीचशी खरी आहे आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा.

आधी पिढ्यांचं बोलू. उत्तर युगांडात दोन दशकांच्या युद्धात सुमारे १८ लाख माणसं छावण्यांत राहिली. छावणीत वाढलेली मुलगी वाटपाच्या मक्यावर मोठी झाली, आईबरोबर शेतात कधी गेलीच नाही. २००६ नंतर माणसं गावी परतली तेव्हा तिच्या वाट्याला जमीन आली, पण सिमसिम, म्हणजे तीळ, कधी कापायचा हे हातात नव्हतं. खालची बोंडं पिवळी पडू लागली की कापायचा, पेंढ्या बांधून उभ्या वाळवायच्या, ताडपत्रीवर उलट्या धरून झटकायच्या. आठवडाभर उशीर झाला तर बोंडं उकलतात आणि वर्षाची कमाई मातीत सांडते. हे आई लेकीला शेतातच शिकवते, आणि युद्धाने ती जागाच काढून घेतली होती.

गडचिरोलीत अशा छावण्या नव्हत्या, हे मान्य. तिथल्या बाईला धान येतं. पण मग नवीन पद्धत शिकवायला बोलावतात कुणाला? सातबारावर ज्याचं नाव, त्याला. धान लावायची आणि खत द्यायची चारसूत्री पद्धतच घ्या. तिचा जीव रोवणीत, म्हणजे रोपं लावण्यात, आहे: नायलॉनच्या दोरावर २५ आणि १५ सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर दोन-तीन रोपांचा एक चूड लावायचा, म्हणजे १५ बाय १५ चे चौकोन तयार होतात आणि मधे २५ चे पट्टे राहतात. मग प्रत्येक चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. अंतर चुकलं की मधोमध ही जागाच उरत नाही. ब्रिकेट वर राहिली की खत पाण्यात जातं. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी जास्त असेल तर हाताला खोली कळत नाही. ब्रिकेट उघड्यावर ठेवल्या तर पावसाळी हवेने ओलावून फुटतात. दोर धरणं, चूड लावणं, ब्रिकेट खोचणं, यातलं बहुतेक काम बाया करतात, आणि सभागृहात पडद्यावर ते बघून येतो नवरा. रोवणी ठेक्याने दिली असेल तर अंतर मोजत बसणाऱ्या टोळीचा रोज बुडतो. त्या दिवसाच्या मजुरीचा हिशेब प्रशिक्षणात कुणी मांडतच नाही. मग पद्धत फसली की म्हणायचं, बायांना समजत नाही!

वेळेचंही तेच. निधी संपवायचा म्हणून वर्गाला मार्च गाठतात. मार्च-एप्रिलात बाई पहाटेपासून मोहाखाली असते, मेमध्ये तेंदूपानात. हजेरीपटावर नावं भरतात, पण ज्यांच्या हातात रोवणी आहे त्या रानात असतात. संघर्षाच्या भागात जागेचा प्रश्न आणखी नाजूक. गणवेशाच्या, म्हणजे पोलिसांच्या, अंगणात भरलेला वर्ग, मग शिकवणारा कितीही चांगला असो, बाईवर 'ती कुणाकडे जाते' असा शिक्का मारू शकतो. ग्रामसभेने ठरवलेली जागा हवी, अंधार पडायच्या आत पायी परतता येईल इतकी जवळ. शिकवणारी माडिया किंवा गोंडी बोलणारी हवी, आणि लहान पोरांकडे बघायला एक बाई वेगळी, तिलाही रोज देऊन.

इथे आम्ही २५ बायांचा गट धरतो आणि पेरणीपासून काढणीपर्यंत आठवड्याला दोन तास त्यांच्यातल्याच एकीच्या शेतात भरतो. शेजारी-शेजारी दोन पट्टे, एक नेहमीचा, एक नवा. निष्कर्ष त्याच काढतात, कधीकधी नवा पट्टा हरतो आणि तेही बरंच असतं. १९८९ मध्ये इंडोनेशियाच्या भातशेतीत सुरू झालेली ही शेतीशाळा महाराष्ट्राच्या कृषी खात्यालाही ठाऊक आहे. नाव ठाऊक असणं आणि हंगामभर चिखलात उभं राहणं यातलं अंतर कुणी मोजत नाही.

आता 'लाडकी बहीण'चे ते १,५०० रुपये. पैसे नकोत असं मी म्हणत नाही. पैसे पेरणीच्या दिवशी हातात असले पाहिजेत, एवढंच म्हणते. इथल्या बायांच्या बचत गटांची पैशाची पेटी तीन कुलपांची, तीन किल्ल्या तीन घरांत, मोजणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. १९९१ मध्ये नायजरमध्ये ही पद्धत सुरू झाली. वाटणी नाताळात ठेवली की पैसा सणात जातो, म्हणून शहाणे गट ती पहिल्या पावसाच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवतात. आपले बचत गट बँकेच्या पासबुकात अडकलेत, मला ही पेटीच जास्त प्रामाणिक वाटते. पेट्या इथेही चोरीला जातात, हे मात्र लिहायलाच हवं.

आणि जमिनीवरचं नाव. वनहक्क कायदा २००६ म्हणतो की पट्टा विवाहित असल्यास पती-पत्नी दोघांच्या नावे हवा. सातबारावर पत्नीचं नाव लावायची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून कागदावर आहे. इथल्या विधवेला नवऱ्याच्या कुळासमोर, एलसी-वनच्या, म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक परिषदेच्या, अध्यक्षासमोर उभं राहून जुन्या हद्दीची झाडं दाखवावी लागतात, तेव्हा कुठे तिला नांगर घालता येतो. कायद्याच्या बाबतीत आपण या लोकांच्या पुढे आहोत असं मी अभिमानाने सांगत आले. तो अभिमान आता पुरत नाही, कारण प्रशिक्षणाची यादी आजही सातबारावरूनच निघते.

हे सगळं ठामपणे लिहिताना एक गोष्ट बोचते. इथल्या अचोली भाषेत मी बियाण्याचा भाव विचारू शकते, अलेयाची, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायची, पाळी कुणाची हे समजून घेऊ शकते. माडियातला एक शब्द मला येत नाही. ज्या जिल्ह्याची बाजू घेऊन मी भांडते तो माझ्याच राज्यातला, पण तिथल्या एकाही बांधीत माझे पाय चिखलात गेलेले नाहीत. जुलैत पहिली रोवणी सुरू होईल तेव्हा तो खुणांचा दोर कुणाच्या हातात होता, हे फोन करून विचारावं असं तिथं माझ्या ओळखीचं कुणी नाही.