नाण्यावरचे ‘के जी’ म्हणजे ‘किंग जॉर्ज’ नव्हे

कॅनडाच्या 1937 पासूनच्या 1 आणि 5 सेंटच्या नाण्यांवरची ‘के जी’ ही अक्षरे ‘किंग जॉर्ज’ची असल्याचे जुन्या नाण्यांच्या ग्रुपांवर फिरते आहे. ते चूक आहे. ही सही जॉर्ज क्रूगर ग्रे (1880–1943) या इंग्रज कलाकाराची. मूळ आडनाव क्रूगर. 1918 मध्ये लग्नानंतर त्यांनी ‘ग्रे’ जोडले. नाण्यांबरोबर ते रंगीत काचांच्या खिडक्याही घडवत.

पुरावा हातातच आहे. राणी एलिझाबेथच्या सेंटवरही तीच अक्षरे आहेत. तिथे ‘किंग’ कुठून येणार? शिवाय नाण्यावरचा राजाचा चेहरा क्रूगर ग्रे यांनी घडवलेला नाहीच. 1937 चे नाणे उलटा, मानेखाली ‘एच पी’ दिसेल: तो चेहरा घडवणारे हम्फ्री पॅजेट.

‘के जी’ पाहायला दहापट भिंग घ्या, उजेड बाजूने तिरपा पाडा. सेंटवर मेपलच्या पानांखाली, पाच सेंटवर बीव्हर या प्राण्याजवळ पाण्याच्या वर शोधा. झिजलेल्या नाण्यावर अक्षरे पुसट होतात, म्हणून चिंच किंवा पितांबरीने घासू नका. उरलेला उठावही जातो.

क्रूगर ग्रे यांच्या सेंटवरच्या चित्रावर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र खरा आहे. मेपलची पाने फांदीवर समोरासमोर येतात, सेंटवर ती एकाआड एक आहेत.