‘तीन दिवस’ या आरोपाविषयी दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

शनिवारी आपण नैरोबीहून पुण्यात शिकायला आलेल्या मैत्रिणीसह दुकानात आलात आणि काळा चेहरा, जाड लाल ओठ व वटारलेले डोळे रंगवलेले लाकडी कानातले दर्शनी काचेत पाहून त्यांना अपमान वाटला, असे आपण एक तारा देऊन टाकलेल्या अभिप्रायात लिहिले आहे. त्यांची मी मनापासून क्षमा मागते. त्यांना काय वाटले, हे मी ठरवू शकत नाही.

मात्र ‘सांगूनही तीन दिवस ते काचेतच होते’ हे आपले वाक्य खरे नाही आणि तेच सर्वाधिक लोकांनी वाचले आहे. आपण सोमवारी टाकलेल्या छायाचित्रात कानातल्यांच्या मागे केशरी आकाशकंदील दिसतो. तो आम्ही रविवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच उतरवून माळ्यावर ठेवला होता. शिवाय त्यात ऊन गल्ल्यापर्यंत आलेले आहे, जे आमच्या पश्चिमेकडच्या दारातून साडेचारच्या सुमारासच येते, आणि आपण घेतलेल्या ओढणीचे बिल 4 वाजून 40 मिनिटांचे आहे. म्हणजे छायाचित्र शनिवारचेच. त्याच संध्याकाळी 7 वाजता मी स्वतः सगळे जोड काढले. मधल्या वेळात लग्नाच्या खरेदीची गर्दी होती व दुकानात काम करणारी एक मुलगी रजेवर होती. दोन तास वीस मिनिटांचा उशीर मला मान्य आहे, तीन दिवसांचा नाही.

ठोक बाजारात या नक्षीला ‘आफ्रिकन लेडी’ म्हणतात आणि आम्ही ती कौतुकाने मांडली होती. आपला अभिप्राय आल्यावर मी वाचले, तेव्हा कळले की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाच्या काजळीने तोंड रंगवून व ओठ मोठे दाखवून कृष्णवर्णीयांची टवाळी करत, आणि हे ओठ तिथून आले आहेत. हेही कळले की प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने डिसेंबर 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून अशाच लाल ओठांच्या, माकडासारख्या आकृत्या काढून घेतल्या आणि दोनच महिन्यांनी गुच्ची या दुसऱ्या इटालियन कंपनीने 890 डॉलरचा काळा स्वेटर मागे घेतला, ज्याची कॉलर नाकापर्यंत ओढली की तोंडाभोवती लाल ओठ दिसत. जगभर माणसे नेमणाऱ्या कंपन्यांच्याही हे ध्यानात आले नाही, एवढेच सांगते. बचाव म्हणून नाही.

‘यांच्याकडे वेगळ्या माणसांना जागाच नाही’ असेही आपण लिहिले आहे. प्राडाने त्यानंतर चित्रपट दिग्दर्शिका एव्हा ड्युव्हर्ने आणि कलाकार थिअ‍ॅस्टर गेट्स या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नेतृत्वाखाली सल्लागार मंडळ नेमले; आमचे मंडळ म्हणजे मी, माझ्या जाऊबाई, शिवणारे काका आणि दोन मुली. तरीही एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य वाटत नाही. या कानातल्यांची पेटी उघडली तेव्हा त्यांपैकी एका मुलीने, जिला स्वतःच्या सावळ्या रंगावरून लहानपणापासून ऐकून घ्यावे लागले आहे, ‘ताई, हिचं तोंड असं का काढलंय?’ असे विचारले होते आणि ‘सध्या हीच फॅशन आहे’ असे सांगून मी तिला कामाला लावले. विचारणारी व्यक्ती दुकानात होती; ऐकणारी नव्हती.

आणलेल्या 24 जोडांपैकी उरलेले 13 मी व्यापाऱ्याला परत केले नाहीत, कारण ते दुसऱ्या कोणाच्या तरी काचेत लागले असते. ते मोडून टाकले, तोटा आमचा. यापुढे चेहरे किंवा माणसांची चित्रे असलेला माल मांडण्यापूर्वी सर्वांना दाखवला जाईल आणि शक्य झाल्यास बाहेरच्यांचेही मत घेतले जाईल.

आपल्या मैत्रिणी पुन्हा आल्या, तर त्यांची समक्ष क्षमा मागण्याची माझी इच्छा आहे. आपण तारा एकच ठेवलात तरी माझी तक्रार नाही, परंतु ‘तीन दिवस’ हे शब्द कृपया दुरुस्त करावेत.

आपली नम्र,
दुकानाची मालकीण