सेक्टर 10, एवढे पुरे

नवी मुंबईतील रहिवाशांच्या माहितीची प्रणाली उभारण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर सर्वप्रथम संदर्भ नावाची अडगळ बाहेर काढावी. पत्त्याच्या रकान्यात ‘सेक्टर 10’ एवढेच लिहून घ्यावे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टरांचे आकडे नव्याने सुरू केल्यामुळे तो वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे, अशी कुरकुर कोणी केलीच, तर पार्सलवाला मुलगा फोन करून विचारून घेईल असे सांगावे. तो फोन हीच आपली फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारा दुवा. (योगायोग असा, की सिडको 1970 सालची आणि डेटाबेसच्या टेबलातली प्रत्येक रांग निःसंदिग्ध ओळखू यावी म्हणून प्रायमरी की मांडणारा, संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा निबंधही 1970 सालचाच. दोघांची गाठ पडली नाही, हे आपले भाग्य.) घराच्या क्षेत्रफळात 650 लिहावे, कार्पेट की बिल्टअप, हे विचारणे असभ्यपणाचे आहे.

शहर निवडताच जिल्हा आपोआप भरला जावा आणि कोणालाही बदलता येऊ नये. वाशी ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडमध्ये, ही भानगड ‘नवी मुंबई म्हणजे ठाणे’ या एका नियमाने मिटते. मी खारघरचा. एका कार्यालयाच्या खिडकीवर मी तक्रार केली, तेव्हा आतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला, जिल्ह्याच्या करड्या चौकटीवर तीनदा क्लिक करून दाखवले आणि म्हणाल्या, “सर, सिस्टीम घेतच नाही.” मग छापील अर्जावर ‘ठाणे’ खोडून त्यांनी निळ्या पेनाने ‘रायगड’ लिहिले आणि बाजूला सही केली.

काळाचा तर विचारच करू नये. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा एकाच अपडेटने जव्हारच्या सगळ्या नोंदी पालघरच्या कराव्यात. एखादी गोष्ट खरी केव्हापासून होती आणि आपण ती नोंदवली केव्हा, हे दोन काळ वेगळे ठेवण्याची सोय एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या 2011 च्या मानकात आहे. तिकडे दुर्लक्ष करावे. 2010 साली जव्हारला जन्मलेल्या, आता नेरुळला राहणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर ठाणे आणि आपल्याकडे पालघर निघाले, तर दोन्ही जव्हार एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र पालकांकडून घ्यावे आणि त्याचा क्रमांक टिपण्यासाठी टेबलात ‘शेरा’ नावाचा एक रकाना वाढवावा.