गेमच्या दुकानात फुकटात गिऱ्हाईक खेचण्याचे खात्रीशीर उपाय

तुम्ही गेमचं दुकान टाकलंय म्हणे. अभिनंदन. तालुक्याच्या गावात, बाजार ओळीत, एका बाजूला कृषी केंद्र, दुसऱ्या बाजूला सेतू, मधात दहा बाय बाराचं शटर, वर फ्लेक्स, फ्लेक्सवर एक बंदूकवाला अन् एक फुटबॉलवाला, त्याच्या खाली 'मोबाईल रिपेअरिंग, झेरॉक्स, रिचार्ज'. पैसा सगळा डिपॉझिटमध्ये अन् त्या फ्लेक्समध्ये गेला, जाहिरातीले काही उरलं नाही, अन् गिऱ्हाईक तर पाहिजे. टेन्शन घेऊ नका. कमी खर्चात गिऱ्हाईक कसं ओढायचं याचं पूर्ण शिक्षण मला परवा बाजाराच्या दिवशी तुमच्यासारख्याच एका गेमच्या दुकानवाल्या भाऊंनी दिलं. भाचा-भाची पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत आलेले, मामा गेम खेळू, मामा गेम खेळू करून डोकं खाल्लं, म्हणून त्या भाऊंच्या दुकानात घेऊन गेलो. जे शिकलो ते सांगतो, फी नाही घेत.

सर्वात आधी भाव. तो कुठंच लिहू नका. लिहिला की गिऱ्हाईक वाचतं, अन् वाचलं की तेवढेच देतं. त्यापेक्षा पाय पाहा. चपलेवर काळी माती असली तर तासाचे 40, पुण्याचे पांढरे बूट असले तर 80, अन् दोघं खेळले तर 'प्रत्येकी बरं का', हे मात्र शेवटी सांगा, उठताना.

काचेला काळी फिल्म लावाच. आत काय चाललंय ते बाहेरून अजिबात दिसलं नाही पाहिजे.

फ्लेक्सवर पीएस फाईव्ह लिहा, म्हणजे टीव्हीले जोडून खेळायचं ते प्लेस्टेशनचं मशीन. ते भारतात 2021 च्या फेब्रुवारीत आलं, तुमच्याकडचं पीएस फोर हे 2013 चं मॉडेल आहे, पण एवढं कोण पाहते.

आता मुख्य उपाय. घड्याळ. हा नीट वाचा, धंद्याचा जीव यात आहे. गिऱ्हाईकाचा वेळ गेम सुरू झाल्यावर मोजायचा नसतो, त्याचा पाय उंबऱ्याच्या आत पडला की मोजायचा. मग टीव्ही लावायला रिमोट शोधा. रिमोट सापडला की त्यातले सेल शोधा, ते काढून तुम्ही कूलरच्या रिमोटले टाकलेले असतात. मग विचारा कोणती गेम. भाचा म्हणाला क्रिकेट. भाऊ म्हणाले, आहे न, अन् खाली वाकून डिस्कचा गठ्ठा काढला, तोंडानं फुंकली, शर्टाले पुसली, टाकली, अन् टीव्हीवर पट्टी सरकायला लागली. 'कॉपी होऊन राह्यली भाऊ, दोन मिंट.' आता पीएस फोरवर डिस्क टाकली तरी गेम आधी आतल्या हार्ड डिस्कवर उतरवावीच लागते, हे मलाही माहीत आहे, यात त्यांचा दोष नाही. पण तुमच्या दुकानात गेमा आहेत किती, दहा-बारा, हार्ड डिस्क 500 जीबीची, त्यातली निम्मी जागा तुम्ही काय भरून ठेवली ते तुम्हालाच ठाऊक, अन् म्हणून दर गिऱ्हाईकाला जुनी गेम उडवा, नवीन उतरवा, अन् त्याचा मीटर गिऱ्हाईकावर! उतरली एकदाची. तर अपडेट. अपडेटसाठी वायफाय नाही, भाऊंच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, अन् त्याच मोबाईलवर भाऊंना त्यांच्या साळ्याचा फोन आला, की नेट बंद. रात्री मशीन रेस्ट मोडवर ठेवलं अन् आठवड्यातून एकदा घरचं वायफाय जोडलं तर अपडेट झोपेत होऊन जातात, पण मग गिऱ्हाईकाला इतका वेळ बसायला कसा मिळेल, बरोबर ना?

शेवटी एकदाची मॅच लागली, टॉस झाला, भाचा बॅटिंगला, तो कोहली शोधतोय अन् यादीत भलतीच नावं. कारण क्रिकेट 19 मध्ये आपल्या टीमचं लायसन्सच नव्हतं, खरी नावं-चेहरे पाहिजे असले तर लोकांनी बनवून ठेवलेल्या टीमा गेमच्या आतूनच फुकट उतरवता येतात, एकदाच करावं लागते ते. भाऊ म्हणतात, 'तोच हाय तो, फक्त नाव बदललं त्याचं.' कोहलीनं नाव बदललं, अन् आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

अन् दुसऱ्या ओव्हरला ते मशीन ओरडायला लागलं, सोयाबीनच्या थ्रेशरसारखं. दुकानापासून हाकेच्या अंतरावर जिनिंग, कापसाचा सीझन, हवेत सगळी रुई, ती रुई मशीनचा पंखा आत ओढतो, अन् आतल्या जाळीत तिची गादी बसते. मागच्या फटीतून डोकावून पाहिलं तर पांढरी लव स्पष्ट दिसत होती. थोड्या वेळानं टीव्हीवर सूचना, मशीन लय गरम झालं, अन् अंधार. भाऊ शांत. पेपरची घडी केली, मशीनले वारा घालत बसले. मी म्हटलं खोलून साफ का नाही करत, तर म्हणे, 'करू न, पोळ्याच्या आधी केलं होतं.' कोणत्या पोळ्याच्या ते नाही सांगितलं.

मशीन थंड झालं तर लाईट गेली. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त भाऊंच्या डोक्यावरचा बल्ब अन् पंखा. आम्ही तिघं त्या अंधारात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, भाऊ पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले, टक टक टक. लाईट आली तेव्हा म्हणाले, 'टाइम झाला भाऊ.' मी म्हटलं अहो खेळलो कुठं, दोन ओव्हर झाल्या! त्यांनी काही न बोलता अंगठ्यानं मागं दाखवलं. भिंतीवर पुठ्ठा, त्यावर स्केच पेननं: 'लाईट गेल्यास पैसे परत मिळणार नाही.'

अहो मग भारनियमनाच्या भागात दुकान काढलं कशाला? लाईट जाते हे तुम्हाला माहीत, आम्हाला माहीत, बाजारातल्या भेंडीवालीले माहीत, तिनं सोलरचा बल्ब घेऊन ठेवला, अन् तुम्ही पुठ्ठा लिहून ठेवला! पाटीवर वेळ लिहून ठेवायची, लाईट गेली की खडूनं थांबवायची, आली की पुढं मोजायची, याला किती खर्च येते? खडूचा. तोही सेतूतून फुकट मिळेल.

बरं, राग आवरतो. उपाय सांगत होतो.

स्कॅनर काउंटरवर चिकटवा, पण 'स्कॅनर बंद हाय, नगद द्या' म्हणा. सुट्टे नसले तर चॉकलेट.

कंट्रोलरची काळजी अशी घ्या की ज्याची अंगठ्यानं फिरवायची स्टिक आपोआप डावीकडं जाते तो नेहमी पाहुण्याला द्या. त्या स्टिकच्या खाली बारीक सेन्सर असतात, त्यातली कार्बनची पट्टी घासून गेली की हात न लावता खेळाडू चालू लागतो, बॅट्समन क्रीज सोडून अंपायरकडं जातो. दुरुस्त होते ते, डाग लावून नवीन स्टिक बसवता येते, अन् तुमच्या फ्लेक्सवर तर 'मोबाईल रिपेअरिंग' लिहिलंय, म्हणजे सोल्डरिंग गन टेबलावरच असेल. पण नाही. भाच्याच्या कंट्रोलरच्या स्टिकवरचं रबर कधीच उडालेलं, खालच्या प्लास्टिकवर खर्ऱ्याचा तपकिरी थर, बटणाच्या फटीत सुपारीचा तुकडा. सुपारीचा तुकडा! लेकरू अंगठा शर्टाले पुसत खेळत होतं.

विकायचा मालही ठेवा. ते चारशे गेमांचं हातातलं छोटं मशीन, '400 इन 1', ठेवा, खेळणी म्हणून विका, अन् वॉरंटी विचारली तर सांगा 'चालते तवरोक वारंटी'.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, दुकान बंद ठेवा. त्या दिवशी गावातल्या एकूण एक पोट्ट्याच्या खिशात बोजाऱ्याचे, घरोघरी मिळालेले पैसे असतात, उगीच गर्दी होते.

अन् सगळं करून गिऱ्हाईक नाही आलं तर मोबाईलले शिव्या द्या. जिओनं बुडवलं म्हणा, पबजीनं बुडवलं म्हणा. आता जिओ आलं सप्टेंबर 2016 मध्ये, तेव्हापासून मोबाईलवर डाटा स्वस्त झाला हे खरंच आहे, नाकारत नाही. पण सरकारनं तुमच्यासाठी काय कमी केलं? 2020 च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी. जुलै 2021 मध्ये ती नाव बदलून, बीजीएमआय होऊन परत आली, तर 2022 च्या जुलैत पुन्हा स्टोअरवरून गायब, ती मे 2023 मध्ये परत. पबजीची बंदी लॉकडाऊनच्या गोंधळात गेली, ते सोडून देऊ. दुसऱ्या वेळी जवळपास दहा महिने नवीन मोबाईलवर ती गेम टाकता येत नव्हती, पोट्टे दारोदार फिरत होते काय खेळू म्हणून, अन् तुमच्या शटरवर खडूनं लिहिलेलं, 'मालक लग्नाले गेले'.

आमच्या वेळी एसटी स्टँडच्या मागं एक पार्लर होतं. मुस्तफा लागायचा तिथं. कॅपकॉमची 1993 ची गेम, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, पण ते मला इंटरनेट आल्यावर कळलं, गावात सगळे मुस्तफाच म्हणत. एका मशीनवर तिघं खेळायचे, अन् तिघांच्या पाठीशी वीस जण, 'अबे जेवण उचल जेवण उचल' म्हणून ओरडणारे. नियम एकच होता, हारला तो उठला. ना एसी, ना कूलर, ना फ्लेक्स. मालक काउंटरवर बसून टोकन द्यायचा अन् भांडण झालं की निवाडा करायचा. त्याच्यापाशी दोन मशीन होते अन् दारातून आत जायला जागा नसायची. घरी एकट्यानं मोबाईलवर खेळणाऱ्या पोराले हे मिळते का? शेजारी बसलेल्याला कोपर मारून गोल करणं मिळते का? तुमच्यापाशी विकायला तेच आहे फक्त, बाकी सगळं त्याच्या खिशातल्या मोबाईलात आहे, अन् तुम्ही तेच विकत नाही. 'हल्लागुल्ला नका करू रे' म्हणून भाऊ दोनदा आमच्यावरच खेकसले. गेमच्या दुकानात!

शेवटचा उपाय. गावातलं अर्धं गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवा. याला एक पैसा लागत नाही.

भाची सातवीत आहे. पुण्यात घरी ती भावाला रोज हरवते, हा माझा शब्द नाही, तो स्वतः कबूल करतो, रडत. तिनं दुसरा कंट्रोलर मागितला. भाऊ माझ्याकडं पाहून म्हणतात, 'पोरीले काय समजते त्यातलं, तिले मोबाईल द्या न पाहाले.' दुकानात अजून चार-पाच जण होते, ते हसले. ती काही बोलली नाही, खुर्चीवर बसून मोबाईल पाहत राहिली, अन् भावाच्या बॅट्समनचं अंपायरकडं जाणं पाहत राहिली.

आता मस्करी बंद. भाऊ, तुमचं वय माझ्यापेक्षा कमी असेल, म्हणून सरळ बोलतो. लाजा वाटू द्या जरा. तुमच्या त्या काळ्या फिल्ममुळं बाजारातल्या कोणत्याच माय-माऊलीले आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून ती पोरीले तर सोडाच, पोरालेही पाठवत नाही, अन् तिच्या मते तिथं वाया गेलेले पोट्टे बसतात, अन् आत जाऊन पाहिलं तर तिचं मत चुकीचं आहे असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाही. आठ वर्षाच्या लेकराले तुम्ही जीटीए, ती मारधाडीची गेम, लावून देता, डब्बीवर 18 चा आकडा एवढा मोठा छापलेला असतो, ते चालते तुम्हाले. पण बारा वर्षाची पोरगी क्रिकेट खेळतो म्हणली तर तिले समजत नाही! तुम्हाले तरी काय समजते हो? तुमच्या मशीनमध्ये रुई भरली ते समजलं नाही, कोहलीची खरी टीम फुकट मिळते ते समजलं नाही. ती पोरगी हातात सुपारीवाला का होईना, कंट्रोलर घेऊन बसली असती तर बाहेरच्या चार पोरी थांबून पाहत्या, अन् पाहत्या त्या पुढच्या बाजाराले 40 रुपये घेऊन येत्या. ते 40 रुपये तुम्ही हसून घालवले.

काउंटरच्या मागं झाडू पडलेला मी माझ्या डोळ्यानं पाहिला, नवाकोरा, प्लास्टिकचं वेष्टणही काढलं नव्हतं. काढा ते. अन् तेवढंही होत नसेल तर शटर पाडा अन् जागा त्या समोरच्या जिलेबीवाल्याले भाड्यानं देऊन टाका, त्याले बाजाराच्या दिवशी जागा पुरत नाही, अन् तो पोरीलेही जिलेबी देते.