टेरियरला हात लावा, मग निकाल द्या

आमच्या इंदूरला डॉग शो असला की गर्दी जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलरच्या रिंगभोवती. टेरियर या शिकारी कुत्र्यांच्या जातींचा ग्रुप पुकारला की लोक पोहे खायला उठतात. लोकांचं सोडा, पण जजनंही हा ग्रुप उरकून टाकावा याचा मला मनापासून राग येतो. टेबलावर दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, एक फेरी पळवलं की निकाल तयार!

टेरियर नुसता बघून कळत नाही हो. कोल्ह्याच्या मागे बिळात शिरायचं, अंधारात, एकट्यानं, हे बहुतेक टेरियरचं मूळ काम. अंगाचं प्रत्येक माप त्या कामातून आलंय. जॅक रसेल या छोट्या टेरियरचंच बघा. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे जातीच्या ठरवून दिलेल्या वर्णनाप्रमाणे, उंची २५ ते ३० सेंटीमीटर, छातीचा घेर ४० ते ४३. जजनं कोपरांच्या मागून दोन्ही हातांत छाती धरायची, अंगठे वर पाठीवर, बोटं खाली छातीच्या हाडाशी. मध्यम आकाराच्या हातांत ती मावली पाहिजे आणि दाबल्यावर थोडी लवली पाहिजे. याला स्पॅनिंग म्हणतात. पार्सन रसेल आणि बॉर्डर या टेरियर जातींनाही हीच परीक्षा. पिंपासारखी छाती असलेला कुत्रा रिंगमध्ये भरदार दिसतो, टाळ्या घेतो, पण बिळात तो अडकणार. आमच्याकडे पूर्ण स्पॅनिंग करणारे जज मी फार थोडे पाहिले, आणि त्यांचा निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी मला पटला.

दुसरी गोष्ट कोटाची, म्हणजे अंगावरच्या केसांची, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. वायर फॉक्स टेरियर किंवा एअरडेल टेरियरचा कोट तारेसारखा कडक हवा, खाली मऊ अंडरकोट, म्हणजे आतले बारीक केस. तो तसा राहतो हातानं स्ट्रिपिंग केल्यामुळे, म्हणजे मेलेले केस बोटांनी किंवा स्ट्रिपिंग नाइफनं मुळापासून काढायचे, की नवा कडक केस येतो. वेळखाऊ काम आहे, बोटं दुखतात. क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, फिरवला की अर्ध्या तासात कुत्रा चकाचक, पण मेलेला केस आतच राहतो, कोट मऊ पडत जातो, रंग फिकटतो. घरच्या कुत्र्याला खुशाल क्लिपर फिरवा, त्यात काहीच गैर नाही. पण रिंगमध्ये आठवडेच्या आठवडे स्ट्रिपिंग केलेला कुत्रा मागे राहतो आणि आदल्या दिवशी पार्लरमधून आलेला पुढे जातो, तेव्हा ती मेहनत पुन्हा कोण करेल? केसांत बोटं घालून मुळाशी चाचपलं की फरक लगेच कळतो.

"इंदुरात कुठे कोल्ह्याची शिकार करायचीय?" असं मला ऐकवलं जातं. नाहीच करायची. पण ते काम वजा केलं तर फॉक्स टेरियरला असे सरळ पाय का आणि स्कॉटीला (स्कॉटिश टेरियरला) असे आखूड पाय का, याला उत्तरच उरत नाही. मग जो गोंडस दिसेल तो जिंकणार. पार्सन रसेलच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये तर लिहिलंय की कामात झालेल्या जुन्या जखमांच्या खुणांमुळे कुत्र्याचे गुण कापू नयेत. किती सुंदर वाक्य आहे ते!

आणि हा ग्रुप दुय्यम मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोमध्ये १९०७ साली बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्या शोमधल्या सर्वोत्तम कुत्र्याचा किताब, द्यायला सुरुवात झाली आणि पहिली तिन्ही वर्षं तो वॉरन रेमेडी नावाच्या एकाच स्मूथ फॉक्स टेरियर मादीनं मिळवला.

आपल्याकडचे शो भरवणारे कोणी हे वाचत असतील तर एवढंच मागणं: या हिवाळ्यात टेरियरचा जज असा बोलवा ज्याला स्पॅनिंग येतं. आणि पहिल्या नंबरच्या कुत्र्याबद्दल त्यानं दोन ओळी लिहून द्याव्यात. युरोपातल्या बऱ्याच शोमध्ये लेखी अभिप्राय मिळतो, आमच्या हातात नुसती रोझेट, म्हणजे बक्षिसाची फीत, येते.