टेन्शनने वजन वाढतं म्हणून थायरॉइडची गोळी बंद करायची?

‘तुमचं पोट खाण्याने नाही, टेन्शनने सुटलंय’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ठाण्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वजन वाढतं ते फक्त टेन्शनमध्ये शरीरात वाढणाऱ्या कॉर्टिसोल या हार्मोनमुळे, म्हणून खाण्यावर लक्ष देणं व्यर्थ. चेहरा गोल दिसला की तो ‘कॉर्टिसोलचा चेहरा’. सकाळी रक्त तपासलंत तर आकडा चढलेला सापडेलच. चालणं आणि व्यायाम बंद करा, त्याने कॉर्टिसोल आणखी वाढतं. थायरॉइड हा वेगळा आजारच नाही, ते टेन्शनचंच रूप आहे, तेव्हा गोळी सोडा आणि 21 दिवस अश्वगंधाचा काढा घ्या. झोपताना 4 मिनिटं खोल श्वास घेतला की चरबी आपोआप वितळते. खाली ना डॉक्टरचं नाव, ना कुठला दाखला. ‘दहा जणांना पाठवा’ एवढं मात्र आहे.

मी नौपाड्यात मेडिकलच्या काउंटरवर बसते. असले मेसेज मोबाईलवर दाखवत ‘हे आहे का तुमच्याकडे?’ विचारणारी माणसं रोज येतात, आणि मी जमेल तसं समजावते. पण या वेळी माझ्या सख्ख्या वहिनीने महिनाभर थायरॉइडची गोळी बंद ठेवली, तीही मला न सांगता. म्हणून हे लिहायला बसले, आणि मेसेजमध्ये जवळजवळ शेवटी आलेला मुद्दा मी सगळ्यात आधी घेते.

थायरॉइडची ग्रंथी मंदावण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आपल्याच प्रतिकारशक्तीने त्या ग्रंथीवर केलेला हल्ला हे असतं. ग्रंथीचा काही भाग निकामी होतो आणि हार्मोन कमी पडतं. गोळीत तेच हार्मोन असतं, शरीराला कमी पडणारं. मन शांत झालं म्हणून निकामी झालेली ग्रंथी पुन्हा उगवत नाही. टेन्शन आहे म्हणून गोळी नको हे म्हणणं म्हणजे घरात भांडण आहे म्हणून चष्मा नको म्हणण्यासारखं आहे.

वहिनीचं म्हणणं होतं, ‘अगं, सोडली तरी काही झालं नाही मला.’ हा मेसेज खरा वाटतो तो इथेच. या गोळीतलं औषध रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस माणसाला काहीच जाणवत नाही. मग हळूहळू थकवा येतो, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, पाळीत रक्तस्राव वाढतो, कोलेस्टेरॉल चढतं. तोवर आपण गोळी सोडली होती हे कारण म्हणून आठवतही नाही. वहिनीला दुपारी ऑफिसला जाताना ठाणे स्टेशनचा जिना चढवेना, आणि तिने तेही ‘टेन्शन’च्या खात्यावर टाकलं.

आणखी एक गोष्ट सरळ सांगते, कारण तिची निराशा मला कळते. थायरॉइड कमी असल्यामुळे वाढलेलं वजन बहुतेकांमध्ये दोन ते साडेचार किलोच्या आसपास असतं आणि त्यातही बराचसा भाग पाणी आणि मिठाचा असतो. गोळी घेऊन 12 किलो उतरतील अशी आशा तिला कोणी लावली असेल तर ती चुकीची होती. पण गोळी वजन उतरवण्यासाठी नसतेच, हृदय, आतडी, पाळी, डोकं नीट चालावं म्हणून असते.

अश्वगंधाबद्दल. तिच्यामुळे काही लोकांमध्ये ताण थोडा कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, हे मी नाकारत नाही. पण ती थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, म्हणजे गोळीसोबत घेतली तर धडधड, हाताला कंप, झोप उडणं. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. गरोदरपणात तर नकोच. ‘नैसर्गिक आहे, काय बिघडणार’ हे वाक्य काउंटरच्या या बाजूने ऐकताना अंगावर काटा येतो.

गोल चेहऱ्याचं प्रकरण याहूनही धोक्याचं आहे. शरीर स्वतःच फार जास्त कॉर्टिसोल बनवतं असा आजार आहे, त्याला कुशिंग म्हणतात, आणि तो दहा लाखांत मोजक्या लोकांना होतो. त्यात नुसता चेहरा गोल होत नाही. पोटावर रुंद जांभळट वळ उठतात, कातडी पातळ होते, जरा लागलं की काळंनिळं पडतं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांत असा सुजलेला चेहरा दिसतो तो बहुतेक वेळा बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडमुळे, म्हणजे शरीरात कॉर्टिसोलसारखंच काम करणाऱ्या औषधामुळे. सांधेदुखीसाठी कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या, दम्यासाठी परस्पर चालू ठेवलेल्या गोळ्या. अशा माणसाने हा मेसेज वाचून स्टिरॉइड एका दिवसात बंद केलं तर? बाहेरून आयतं मिळत असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या ग्रंथींनी कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. स्टिरॉइड नेहमी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवायचं असतं. हा मेसेज लिहिणाऱ्याला याची कल्पना नसेल तर त्याने आरोग्यावर एक ओळही लिहू नये.

आता ‘वजन फक्त टेन्शनने वाढतं’ हा मुख्य दावा. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर 1985 पासून ‘व्हाइटहॉल 2’ नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. सुरुवातीला त्यात 35 ते 55 वयाचे 10,308 कर्मचारी होते. त्यातल्या सुमारे आठ हजार जणांची माहिती घेऊन मिका किविमाकी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली एक निबंध छापला. नोकरीतला ताण म्हणजे काम भरपूर आणि ते कसं करायचं यावर आपला ताबा कमी, असं मोजमाप धरलं आणि पाच वर्षांत वजनाचं काय होतं ते पाहिलं. आधीच जाड असलेल्या पुरुषांचं वजन ताणाखाली वाढलं. सडपातळ पुरुषांचं मात्र त्याच ताणाखाली उतरलं! बायकांमध्ये असा संबंध दिसलाच नाही. एकाच प्रकारच्या ताणाने काही जण जाड होतात, काही जण वाळतात, काहींना काहीच होत नाही. मग ‘एकमेव कारण’ कुठून आणलं? आपल्या आजूबाजूला बघा ना. परीक्षेच्या दिवसांत अन्न न जाणारी मुलं आणि सारखं काहीतरी तोंडात टाकणारी मुलं एकाच घरात असतात.

तरी मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागतं. दीर्घकाळचा ताण भूक बदलतो, गोड-तेलकट खावंसं वाटतं, झोप मोडते, आणि झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं. कॉर्टिसोल सतत चढं राहिलं तर चरबी पोटाभोवती साठायला मदत होते हेही खरं. पण ताण वजनापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा खाण्याच्या, झोपेच्या आणि हालचालीच्या वाटेने. खाण्याचा संबंध नाही म्हणणं हा त्यातला सगळ्यात खोटा भाग. वहिनी पाचपाखाडीहून घणसोलीला दुपारपाळीला जाते. परतीच्या ट्रान्सहार्बर गाडीतून रात्री उशिरा उतरते, स्टेशनबाहेर वडापाव खाते, घरी येऊन पुन्हा जेवते आणि दोनला झोपते. तिच्या पोटाचं कोडं उलगडायला कॉर्टिसोलचा रिपोर्ट लागत नाही.

रिपोर्टबद्दल दोनच ओळी. कॉर्टिसोल निरोगी माणसातही सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही आकडा वर दिसतो. कुशिंगचा संशय असेल तर डॉक्टर रात्री उशिराची लाळ किंवा 24 तासांची लघवी तपासतात, किंवा रात्री एक गोळी देऊन सकाळी रक्त घेतात. सकाळच्या एका आकड्यावर पैसे घालवू नका.

चालणं बंद करा म्हणणाऱ्याचा तर मला रागच येतो. दमछाक करणाऱ्या व्यायामात कॉर्टिसोल थोडा वेळ वाढतं आणि उतरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कचराळी तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्या बायकांना घरी बसवून कोणाचं भलं होणार आहे? खोल श्वासाने धडधड शांत होते, झोप लागायला मदत होते, जरूर करा. चरबी त्याने वितळत नाही.

वहिनीशी बोलून आम्ही काय ठरवलं ते सांगते. रात्रीचा डबा ऑफिसातच आठला खायचा, म्हणजे स्टेशनवर भूक खवळत नाही. घरी आल्यावर ताक किंवा फळ, जेवण नाही. मोबाईल बाहेरच्या खोलीत. सकाळी अर्धा तास तलाव, भाऊही सोबत जातो. वजनकाट्याऐवजी महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजायची. आपल्याकडे बाईची 80 आणि पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. आणि कामाची पाळी बदलून मागायचा अर्ज तिने दिला आहे, कारण ताणाचं मूळ तिथे आहे आणि ते काढ्याने जाणार नाही. ज्यांना बोलायला घरात कोणी नाही किंवा झोप, भूक, रडू आवरेनासं झालंय, त्यांनी 14416 वर फोन करावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मेसेज वाचून ज्यांनी थायरॉइडची गोळी थांबवली आहे त्यांनी भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब. टीएसएच, म्हणजे गोळीचा डोस पुरतोय का हे दाखवणारी रक्ततपासणी, सहा ते आठ आठवड्यांनी करा, त्याआधी आकडा खरा कळत नाही. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर मात्र आजच फोन करा, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ जवळजवळ सगळी आईच्या थायरॉइड हार्मोनवर होते.